हतनूरच्या काठाने ई-सायकल चालवायची असेल तर

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणात तापी-पूर्णेचा गाळ साचत जातो. शेतीच्या पाण्याच्या दृष्टीने ही डोकेदुखीच, पण बदकांची त्यामुळे चैन होते. हिवाळ्यात या गाळावर उथळ दलदल असते आणि तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, वारकरी असे पाणपक्षी चरायला उतरतात. संगमाजवळच्या चांगदेव गावाकडचे आतले रस्ते ई-सायकलला झकास आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम. उजाडतानाच निघा, कानटोपी हवीच.

मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. असिस्ट, म्हणजे पायडल मारताना मोटरची मिळणारी मदत, पहिल्या पायरीवर ठेवा आणि पायडल मारत राहा. थ्रॉटल, म्हणजे पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ, फक्त चढावर निघताना वापरा. माझ्या मते या सायकलचा फायदा वेगात नाही, थांबण्यात आहे. साध्या सायकलवर दहादा उतरून दहादा निघायचं म्हणजे मांड्या भरून येतात, मग माणूस पक्षी दिसला तरी पुढे जातो. इथे तसं होत नाही.

बॅटरीचा हिशेब घरीच करा. समजा ती 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-तासांची आहे, तर दोन्हींचा गुणाकार म्हणजे साधारण 280 वॅट-तास. सपाट रस्त्यावर पायडलसह किलोमीटरला आठ-दहा वॅट-तास धरले तर तीसेक किलोमीटर जाता येईल. जाहिरातीतला आकडा विसरा. वारा असेल तर जाताना तो तोंडावर घ्या, म्हणजे परतताना पाठीवर मिळेल.

खरा शत्रू बाभळीचा काटा. बांधावरची काटेरी छाटणी रस्त्यावर पडते, कडेला सराटे असतातच. म्हणून ट्यूबमध्ये आधीच सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारं द्रावण) भरून घ्या आणि चाक डांबरावरच ठेवा. हब मोटरचं, म्हणजे मधोमध मोटर बसवलेलं, मागचं चाक रस्त्यात काढायच्या भानगडीत पडू नका. त्यात मोटरची वायर असते. बॅटरी बंद करा, सायकल आडवी करा, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवून ट्यूब तेवढी बाहेर ओढा आणि ठिगळ लावा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा आत राहिला तर पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. पंप आणि ठिगळाचं सामान घरी ठेवून निघणाऱ्याला भर उन्हात सायकल ढकलावी लागते, आणि बॅटरीमुळे ती जड असते.

पाणी दिसलं की वेग आधीच कमी करा, पण पाणवठ्याकडे चालत जाऊ नका. चक्रवाक भारी सावध. तो ओरडत उडाला की बाकीचे थवेही उठतात. रस्त्यावरूनच दुर्बीण लावा. सकाळी पाण्याच्या पूर्वेला उभे राहिलात तर ऊन पाठीशी येतं आणि रंग नीट दिसतात. ओल्या काळ्या मातीत सायकल घालू नका, मडगार्डात चिखल बसून चाक जाम होतं. धरणाच्या भिंतीवर जायचं तर रखवालदारभाऊंना आधी विचारा. केळीचा ट्रॅक्टर आला की थांबून वाट द्या.

घरी आल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. सायकल ओल्या फडक्याने पुसा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाखाली धरलीत तर पाणी कनेक्टरमध्ये शिरतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन बॅटरीला सोसत नाही. तेव्हा सायकल चालवणार नसाल तर बॅटरी अर्धी चार्ज करून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको.