ओहोटीला मोजणी करायला जाताय? या चुका टाळा

खडकाळ किनाऱ्यावर जाऊन शंख-शिंपले, खेकडे, समुद्रफुलं मोजणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. चांगलंच आहे. फक्त दर हंगामात तेच ते घोटाळे निस्तरायचा आता मला कंटाळा आलाय.

पहिला घोटाळा ओळखीचा, आणि त्यात मीही होतो. मुंबई बंदराच्या बाजूला एका जुन्या धक्क्याच्या खांबांवर आमची मोजणी चालू होती. नव्या मुलानं तक्त्यात लिहिलं, ‘शिणाणीची पिल्लं, दाट थर’. शिणाणी म्हणजे आपल्याकडे खातात तो हिरवा शिंपला. पुढच्या महिन्यात आणखी दाट. तिसऱ्या महिन्यात त्यानं आलेख काढला, देशी शिंपले परतताहेत असं वर लिहिलं आणि मी खूश होऊन सही ठोकली. तिथे कालवं काढायला येणाऱ्या एका मावशींनी आमचा डबा बघितला आणि म्हणाल्या, “ही शिणाणी नाय. ही कोण खात नाय.” तेव्हा कुठे मी चाकू काढला. शिंपला उघडला तर चोचीच्या, म्हणजे टोकदार बाजूच्या आत, कोनाड्यातल्या फळीसारखा, आडवा पांढरा पडदा. शिणाणीत तो नसतो. तो असतो मायटिलॉप्सिस सॅलेईत, म्हणजे कॅरिबियन भागातून आलेल्या शिंपल्यात. हा 1967 च्या सुमारास विशाखापट्टणमला सापडला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही. तीन महिने आम्ही पाहुण्याची वाढ घरच्याच्या नावावर जमा करत होतो.

खरं तर चाकूचीही गरज नव्हती. चांगल्या पाण्यात शिणाणी महिन्याला सेंटिमीटरभर वाढते. आमची ‘पिल्लं’ तीन महिन्यांनीही दोन सेंटिमीटरचीच होती. लांबी मोजलीच नव्हती, नुसते नग मोजले. तेव्हापासून माझा नियम असा: प्रत्येक जुडग्यातले दहा शिंपले मोजायचे आणि दोन उघडायचे. वरून फोटो काढून ‘हे काय आहे?’ विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. पट्टी ठेवलेला, आतल्या बाजूचा फोटो पाठवा, मग बोलू.

दुसरी चूक वेळेची. रविवारी जेवायच्या आधी उरकायचं म्हणून दुपारी बाराची ओहोटी शोधतात. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. हिशेब बरोबर, पण ती भांगाची ओहोटी, पाणी जेमतेम हटतं. खालचा पट्टा उघडा पडतच नाही आणि मग ‘इथली विविधता घटली’ असा निष्कर्ष निघतो. आपल्याकडे खालचा पट्टा बघायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. झोप मोडायची तयारी नसेल तर वरच्या पट्ट्याच्या गोगलगाई मोजा आणि अहवालात तसं लिहा.

जुन्या यादीशी नवी यादी ताडताना नावं तपासत नाहीत, हे तर मला सगळ्यात जास्त खुपतं. जुन्या अहवालात बॅलनस अ‍ॅम्फिट्राइट असतो, नव्यात अ‍ॅम्फिबॅलनस अ‍ॅम्फिट्राइट. खडकाला चिकटून बसणारा, कवचाचा बार्नेकल तोच. कालवांचं क्रॅसोस्ट्रिया कित्येक ठिकाणी मॅगालाना झालंय. एक्सेलला हे कळत नाही. तो सांगतो, पाच प्रजाती गेल्या, पाच नव्या आल्या. उत्साही माणूस त्या पाच ‘नव्यांना’ परदेशी ठरवून मोकळा होतो. नाव बदललं म्हणून कुणी परका होत नाही. वर्म्स नावाची सागरी प्रजातींची जागतिक नोंदवही फुकट बघायला मिळते, दोन्ही याद्या आधी तिच्यातून गाळून घ्या. जुन्या माणसांनी किती दिवस, किती खडक पाहिले होते तेही बघा. त्यांचे दोन हंगाम आणि तुमची एक सकाळ यांची तुलना कशी होणार?

बाकीच्या थोडक्यात. जिथे पहिल्यांदा सापडलं तेच मूळ गाव, असं धरू नका. करिजोआ रायझी या पांढऱ्या फुलांच्या मऊ प्रवाळाचं वर्णन कॅरिबियनमधून झालं, म्हणून हवाईतली त्याची वसाहत तिकडचीच मानली गेली. जनुकीय तपासणीनं बोट दाखवलं ते हिंद-प्रशांत महासागराकडे. आणि आपली साधीभोळी शिणाणी 1999 मध्ये फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात सापडली, तिथे ती उपद्रवी आहे.

परके जीव येण्याचं सगळं खापर बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाकीत भरलेल्या पाण्यावर फोडू नका. 2017 पासून लागू असलेला आंतरराष्ट्रीय करार टाकीतल्या पाण्यापुरता आहे, जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्यांना तो विचारत नाही.

दगड उलटलात तर परत तसाच ठेवा.

आणि परका दिसला की खरवडून पाण्यात टाकणारे वीर! ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या मरीनांमध्ये, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदिस्त धक्क्यांमध्ये, 1999 साली हाच मायटिलॉप्सिस सापडला, तेव्हा त्या बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतावं लागलं. महिनाभरात तो संपला, पण तिथे बंद करायला दरवाजे होते. आपल्या उघड्या खाडीत खरवडलेला जिवंत गठ्ठा वाहत जाऊन पुढच्या खांबाला लागतो. काढलेले शिंपले बादलीत भरून वर आणा आणि किनाऱ्यापासून लांब कोरड्या जागी पुरा. बादली धुतलेलं पाणीही खाडीत ओतू नका.