नव्या पोरांना मशीनवर नेण्याआधी

लाइनवर काम चांगलं म्हणून कंपनीने तुमच्याकडे ट्रेनिंग सोपवलं असेल, तर हे तुमच्यासाठी. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हेच काम करतो. माझ्याकडे येणारी पोरं पैठण, गंगापूर, वैजापूरची. काही बीड-परभणीहून येऊन इथं खोली करून राहतात. बहुतेकांचा आयटीआय झालेला असतो, पण मोठ्या शॉपचा, म्हणजे मशीन चालतात त्या जागेचा, आवाज आणि वेग नवा असतो.

पहिल्या दिवशी प्रोजेक्टरवर काय काय दाखवायचं याची यादी एचआर देतं. त्यातली सेफ्टी नीट घ्या, बाकीचं नंतर करता येतं. पोरांच्या हातात काहीतरी द्या.

मी मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं साधन, देतो आणि प्रत्येकाला स्वतःच्या डोक्यातला एक केस मोजायला लावतो. कुणाचा साठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, कुणाचा ऐंशी. हसतात, एकमेकांचे केस मोजतात, मायक्रोमीटर किती हलका फिरवायचा ते कुणी न सांगता कळतं. मग टेबलावर ट्रे येतो. २० मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, पीस, एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे भोक कमीत कमी २०.०००, जास्तीत जास्त २०.०२१ चालतं. ओके आणि रिजेक्ट मुद्दाम एकत्र केलेले. आधी व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) वेगळे करायला सांगतो. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, त्यामुळे काठावरचे पीस त्याला ओळखू येत नाहीत. पोरं मात्र सगळे ओके म्हणून बाजूला काढतात. मग प्लग गेज द्यायचा, भोकात घालून तपासायचा दांडा: त्याची गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. ओके म्हणून ठेवलेल्या पिसात गेजची नो-गो बाजू सरळ आत जाते, तेव्हा खोलीत जी शांतता होते, तिथून खरं शिकणं सुरू होतं. "सर, मग व्हर्नियर कशाला वापरायचा?" हा प्रश्न येतोच. लगेच उत्तर देऊ नका, त्यांना आपसात भांडू द्या.

ही चूक ट्रेनिंग रूममध्ये फुकट होते. शॉपवर तीच झाली तर अख्खी लॉट अडकते, आणि घाबरलेला पोरगा पुढच्या वेळी खराब पीस लपवतो. म्हणून इथं चुकल्यावर कुणी ओरडायचं नाही, हा नियम मी सुपरवायझरलाही सांगून ठेवलाय.

"समजलं का?" असं विचारूच नका. आपल्याकडची पोरं मोठ्या माणसाला "हो सर" च म्हणणार. त्यापेक्षा, "आता तू मला शिकव," म्हणा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवे कामगार झटपट तयार करायला चार पायऱ्यांची पद्धत बसवली होती: माणसाची भीती घालवून त्याला मोकळं करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तिसऱ्या पायरीत त्याने प्रत्येक मुद्दा आणि त्यामागचं कारण तोंडाने सांगत काम करायचं असतं. मी आजही हेच वापरतो. चौथी पायरी मात्र बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

जेवणानंतरचा तास बोलण्यात घालवू नका, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. तेव्हा उभं राहून करायचं काम ठेवा, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं किंवा फर्स्ट पीस, म्हणजे मशीनवर निघालेला पहिला भाग, तपासणं.

लाइनवर जोडीला द्यायचा ऑपरेटर निवडताना सर्वांत वेगवान माणूस घेऊ नका. ज्याला पोरं बिनधास्त "मामा, हे कसं?" विचारतात, तो घ्या. आणि पहिल्या आठवड्यात त्या मशीनचं टार्गेट कमी करून घ्या, प्रॉडक्शन मॅनेजरशी त्यावर आधीच बोलून ठेवा.