फोनवरचे बुकमार्क संगणकावर दिसत नाहीत? या चुका टाळा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरात पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. त्यांची नोंदणी पडवीतल्या संगणकावर होते, मात्र दिवसभराची शोधाशोध फोनवरच चालते. सातबाऱ्यासाठी महाभूलेख, कोकण रेल्वेचे वेळापत्रक, हवामान विभागाचा इशारा, हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेचा लाटांचा अंदाज अशी पाने मी फोनवर बुकमार्क करते आणि रात्री ती संगणकावर उघडते. ती दिसली नाहीत की बहुतेक जण सिंक, म्हणजे खात्यामार्फत फोन आणि संगणकावरचे बुकमार्क जुळवण्याची सोय, बिघडले असे समजून फोनमधला ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. असे मुळीच करू नये, कारण जे बुकमार्क खात्यापर्यंत पोचलेलेच नाहीत ते ब्राउझरबरोबर कायमचे जातात. आधी ते कुठे आहेत हे शोधावे. बहुतेक वेळा ते सुखरूप असतात, फक्त आपण भलतीकडे पाहत असतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक खात्याची आहे. फोन घेताना दुकानदाराने एक जीमेल खाते उघडून दिलेले असते आणि संगणकावर मुलाने किंवा पुतण्याने दुसरेच खाते घातलेले असते. दोन्हीकडे क्रोम आहे, दोन्हीकडे आपलेच नाव दिसते, म्हणून संशय येत नाही. माझ्या पुतण्याने पहिला प्रश्न हाच विचारला होता : “काकी, फोनवर कुठलं खातं आहे ते आधी दाखव.” फोनवरच्या क्रोममध्ये तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज उघडल्यावर सर्वांत वर ईमेल पत्ता दिसतो, तर संगणकावर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक केल्यावर तो दिसतो. हे दोन पत्ते अक्षरशः, म्हणजे शेवटचे आकडे धरून, एकमेकांशी ताडून पाहावेत. जीमेल ॲप फोनवर चालते म्हणून ब्राउझरही त्याच खात्याने उघडलेला आहे, असे गृहीत धरू नये. खाते एकच निघाले, तर सिंकच्या यादीत बुकमार्कपुढची कळ चालू आहे ना, हे पाहावे; ती एकटी बंद असू शकते.

खाते जुळते, कळ चालू आहे आणि तरी बुकमार्क दिसत नाही, तेव्हा फोल्डर तपासावा. अँड्रॉइड फोनवर जपलेले पान पुष्कळदा ‘मोबाइल बुकमार्क’ या फोल्डरमध्ये जाते, आणि संगणकावर आपण मात्र पत्त्याखालची बुकमार्कांची पट्टी तेवढी पाहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ या कळा एकत्र दाबल्या की क्रोममध्ये बुकमार्कांचा व्यवस्थापक उघडतो आणि त्यात डाव्या बाजूला हा फोल्डर सापडतो. फायरफॉक्समध्येही फोनवरच्या बुकमार्कांचा असाच वेगळा फोल्डर असतो. रोज लागणारी पाने तिथून ओढून पट्टीवर आणली की पुढे शोधावी लागत नाहीत.

दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर वापरणाऱ्यांची अडचण निराळी आहे. आयफोनवरची सफारी बुकमार्क आयक्लाउडमध्ये ठेवते, क्रोम गूगल खात्यात, एज मायक्रोसॉफ्ट खात्यात आणि फायरफॉक्स मोझिला खात्यात. ही खाती आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत. विंडोजच्या संगणकावर आयक्लाउडचे ॲप आणि त्याचे एक्स्टेंशन घालून सफारीचे बुकमार्क क्रोममध्ये आणता येतात, परंतु एकाच संगणकावर बुकमार्क जुळवणाऱ्या दोन सेवा एकदम चालवल्या तर प्रत्येक पान दोनदा-तीनदा दिसू लागते. माझे मत विचाराल तर फोन आणि संगणक या दोन्हींवर एकच ब्राउझर ठेवावा. अशी जोडाजोड दुसरा इलाजच नसेल तेव्हाच करावी.

आता जी चूक मला सर्वांत गंभीर वाटते तिच्याविषयी सविस्तर सांगते, कारण ती माझ्याकडून झाली आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जुलैच्या अखेरीस आमच्या वाडीत जाळी दुरुस्त होऊ लागतात आणि वारा व लाटांचा अंदाज विचारायला शेजारी घरी येतात. त्यासाठी मी काही वर्षे जमवलेली पाने एका फोल्डरमध्ये ठेवली होती. फोनवर गर्दी झाली म्हणून मी तो फोल्डर फोनवरून काढून टाकला, संगणकावर तो राहीलच या समजुतीने. सिंक म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत, असा माझा समज होता. वास्तविक सिंक म्हणजे सर्व ठिकाणी एकच यादी : एकीकडे पुसले की सगळीकडे पुसले जाते, आणि तेही काही क्षणांत.

त्या वेळी पावसामुळे दोन दिवस वीज नव्हती आणि संगणक बंद होता, एवढेच काय ते बरे झाले. फोनवर पुतण्याने बजावले, “वीज आली तरी आधी नेटची वायर काढ, मगच संगणक लाव.” मी राउटरची वायर काढली, संगणक सुरू केला, क्रोम उघडले, संगणकाला पुसल्याची बातमीच पोचलेली नसल्याने फोल्डर जागेवर होता. व्यवस्थापकातल्या तीन ठिपक्यांवरून बुकमार्क एक्स्पोर्ट करून एचटीएमएल फाइल तयार केली, ती पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच वायर जोडली. थोड्याच वेळात फोल्डर डोळ्यांदेखत नाहीसा झाला. नंतर तीच फाइल इंपोर्ट करून पाने परत आणली. फाइलमध्ये सगळेच बुकमार्क असल्यामुळे इतर पानांच्या दुसऱ्या प्रतीही आल्या, त्या निवडून काढाव्या लागल्या.

प्रत्येकाला अशी सवड मिळेल असे नाही. चुकून पुसल्याचे त्याच क्षणी लक्षात आले, तर फोनवर तळाशी काही सेकंद दिसणारा ‘पहिल्यासारखे करा’ हा पर्याय लगेच दाबावा; संगणकावर व्यवस्थापक उघडा असतानाच कंट्रोल आणि झेड दाबून पाहावे. फायरफॉक्स संगणकावर बुकमार्कांच्या प्रती आपण होऊन ठेवतो आणि लायब्ररीतून तारीख निवडून त्या परत आणता येतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्पोर्टची सोय नाही, म्हणून महिन्यातून एकदा संगणकावरूनच फाइल काढावी. मी ती वीजबिल भरण्याच्या दिवशी काढते.

वर्षभर बंद असलेल्या संगणकाविषयीही सांगायला हवे, कारण आपल्याकडे गणपतीला चाकरमानी आले की गावच्या घरातला जुना संगणक झटकून सुरू केला जातो. त्यावर नव्याने साइन इन केले की त्यातले जुने बुकमार्क आणि खात्यातले बुकमार्क एकत्र मिसळतात, आणि वर्षभरात निवडून काढलेली पाने पुन्हा फोनवर अवतरतात. त्यामुळे आधी त्या संगणकावरचे नको असलेले बुकमार्क काढावेत, मग खाते जोडावे. त्यावर विंडोज 7 असेल तर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती आहे. ती पुढे अद्ययावत होत नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

पुष्कळदा सिंक ठीक असते, पण जपलेला पत्ताच चुकीचा असतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे जपलेले पान क्रोममध्ये येत नाही. आधी ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडावे. लॉगिन केल्यानंतरचे पान बुकमार्क केले तर दुसऱ्या दिवशी मुदत संपल्याचा संदेश मिळतो, म्हणून प्रवेशाचे पान जपावे. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाची पीडीएफ जपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे : पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो म्हणून वेळा बदलतात आणि त्यांचे पत्रक दरवर्षी नवे निघते, तेव्हा फाइलऐवजी वेळापत्रकांचे मूळ पान बुकमार्क करावे.

पाहुण्याच्या लॅपटॉपवर किंवा सायबर कॅफेत स्वतःचे बुकमार्क पाहण्यासाठी खाते कधीही जोडू नये. एखादे पान तिथे उघडायचेच असेल, तर अतिथी विंडो उघडावी आणि फोनवरच्या बुकमार्कातला पत्ता पाहून तो तिथे टाइप करावा.