मोलपाशी अडलेलं घोडं: कॉलेजच्या रसायनशास्त्राची तयारी करून घेताना या चुका टाळा

पहिल्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले की दरवेळी तेच दिसतं. मुलांचं रसायनशास्त्र फारसं चुकत नाही, अंकगणित चुकतं. तरीही कॉलेज सुरू होण्याआधी आपण त्यांच्याकडून काय करून घेतो? पुढचे धडे. संकरण, कक्षा, सेंद्रिय अभिक्रियांची तोंडओळख. गुणोत्तर, घातांक आणि एककं मात्र कच्ची ती कच्चीच राहतात.

ग्रॅम म्हणजे मोल नव्हे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ग्रॅम म्हणजे वजन, मोल म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येने कण मोजायचं माप. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, त्यातून पाण्याचे दोन, हे समीकरण सगळ्यांना पाठ असतं. आता विचारा, ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतला तर आधी काय संपेल? वर्गातून झटकन उत्तर येतं, "हायड्रोजन!" तो कमी आहे आणि वर लागतोही दुप्पट, म्हणून.

तिथेच थांबवून मोल काढायला लावा. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅम भरतो, ऑक्सिजनचा ३२. हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन जेमतेम अर्धा. अर्ध्या मोल ऑक्सिजनला १ मोल हायड्रोजन पुरतो, म्हणजे आधी ऑक्सिजन संपला. पाणी झालं १८ ग्रॅम, हायड्रोजन उरला २ ग्रॅम. घातले २० आणि मिळाले २०. शेवटची ही बेरीज करायची सवय लागली की मुलं आपली चूक आपणच पकडतात.

मोल शिकवताना पहिल्याच तासाला एका मोलमधल्या कणांचा दहाच्या तेविसाव्या घातातला आकडा फळ्यावर लिहिणं ही आपली, शिकवणाऱ्यांची चूक. मीही ती बरीच वर्षं केली. आधी डझन घ्या. डझनभर टाचण्या आणि डझनभर हातोडे, संख्या तीच, वजन कुठल्या कुठे. हे पटलं की मोठा आकडा आपोआप पचतो.

कॅल्क्युलेटरवर आंधळा भरवसा

६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात ही संख्या भरताना मुलं ६.०२२, गुणिले, १० असं दाबून मग घाताचं (EXP) बटण दाबतात आणि २३ भरतात. त्या बटणातच 'गुणिले दहाचा घात' दडलेला असतो, त्यामुळे उत्तर दहापट फुगतं. याच संख्येने भागताना कंस राहिला तर आणखी गंमत: एका रेणूत किती मोल, या प्रश्नाला दहाच्या बाविसाव्या घाताच्या घरातलं उत्तर येतं आणि ते निमूटपणे पेपरात उतरवलं जातं! म्हणून बटणं दाबण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल ते बोलून घ्यायला लावा.

सूत्रात खाली उतरवलेला आकडा बदलणं

समीकरण जुळत नाही म्हटल्यावर काही जण पाण्याच्या सूत्रातच एक ऑक्सिजन वाढवतात. अणू जुळतात खरे, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बसतं. सूत्राला हात लावायचा नाही, सूत्राआधीचा आकडा, म्हणजे सहगुणकच बदलायचा.

सेल्सिअस तसंच ठेवणं

दाब कायम ठेवून वायू २५ अंशांवरून ५० अंशांवर तापवला, तर आकारमान दुप्पट होतं का? नाही. केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर, हे २९८ वरून ३२३ आहे, म्हणजे वाढ जेमतेम ८ टक्के. हे एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पाठांतराला नाकं मुरडणं

'समजून घ्या, पाठ करू नका' हे ऐकायला छान वाटतं. पण नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम हे आयन (विद्युत प्रभार असलेले कण) त्यांच्या प्रभारांसह तोंडपाठ नसतील, तर सूत्र लिहितानाच गाडी अडते. सल्फेट आणि सल्फाइट यांत एका ऑक्सिजनचा फरक आहे, तो तर्काने काढत बसायला परीक्षेत वेळ नसतो. वीसेक आयन रोज थोडे थोडे घोकून घ्या, त्यात कमीपणा नाही.

एक मोलर म्हणजे एक लिटर पाणी?

मिठाचं एक मोलर द्रावण, म्हणजे लिटरभर द्रावणात एक मोल मीठ, करा म्हटलं की ५८.४४ ग्रॅम सोडियम क्लोराइड मोजून त्यावर सरळ १ लिटर पाणी ओततात. मग एकूण आकारमान लिटरपेक्षा जास्त भरतं. आधी थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं, मग चंबूवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळे खुणेच्या पातळीला आणून. वाचून हे लक्षात राहत नाही, एकदा हाताने करून घ्यावं लागतं.