शिंपल्यांच्या तळ्याभोवती परक्या माशांचा माग कसा ठेवावा

समुद्रातील परके, म्हणजे मूळचे त्या पाण्यातले नसलेले, जीव बहुधा जहाजांबरोबर पसरतात. काळ्या पट्ट्यांची परकी शिंपली मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत अशीच शिरली. खानदेशात समुद्र नसला, तरी मोत्यांसाठी शेततळ्यात गोड्या पाण्याचे शिंपले वाढवणाऱ्यांपुढेही परक्यांचा प्रश्न आहेच. येथे तो तापी, गिरणा, पांझरेच्या पाण्यातून येतो आणि माझ्या मते त्याहून अधिक मत्स्यबीजाच्या, म्हणजे पाळण्यासाठी विकत आणलेल्या माशांच्या पिल्लांच्या, पिशवीतून येतो. म्हणून तळ्याच्या नकाशावर पाणी आत येण्याच्या जागांबरोबर बीज, शिंपले आणि जाळी कोठून आणली तेही लिहावे.

लक्ष प्रामुख्याने तीन माशांवर ठेवावे. चिलापी १९५२ मध्ये भारतात मुद्दाम आणली गेली. शिंपले ज्या सूक्ष्म प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, जगतात त्यांवर तीही ताव मारते, आणि मादी अंडी तोंडात सांभाळत असल्याने तिचा वंश लवकर वाढतो. आफ्रिकन मांगूर, म्हणजे बाजारातला थाय मांगूर, पाळण्यास २००० पासून बंदी आहे. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून शेजारच्या पाण्यात जातो. अंगावर हाडांची कवचे असलेला सकर मासा काठाच्या मातीत बिळे खणतो आणि जाळी फाडतो.

पाहणीच्या जागा एकदा ठरल्या की बदलू नयेत: पाटाचे तोंड, सांडवा, उथळ काठ आणि शिंपल्यांच्या जाळ्या टांगलेली ओळ. प्रत्येक ठिकाणी त्याच आसाचे (भोकांच्या मापाचे) फेकजाळे तितक्याच वेळा टाकावे, अन्यथा या महिन्यात मासे वाढले की जाळे अधिक वेळा पडले हे कळणार नाही. वहीत तारीख, जागा, जाळे किती वेळा टाकले आणि प्रत्येक जातीची संख्या लिहावी. काहीच न सापडल्यास शून्य लिहावे. पुष्कळ जण हे शून्य गाळतात, पण परका मासा नेमका केव्हा आला हे पुढे त्याच नोंदींवरून ठरते. लहान मांगूर ओळखणे अवघड असते, म्हणून पट्टी शेजारी ठेवून त्याच्या डोक्याचा वरून फोटो घ्यावा आणि जाणकाराकडून जात निश्चित करून घ्यावी.

उन्हाळ्यात हतनूरसारख्या जलाशयांचे पाणी ओसरते तेव्हा जाळ्याविनाही बरेच कळते: उथळ तळाशी चिलापीने केलेले गोल खळगे आणि उघड्या काठावरची सकर माशाची बिळे दिसू लागतात. आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या भोई आणि कोळी मंडळींना कोणता मासा कोठे मिळाला हे विचारावे. त्यांचे सांगणे वेगळ्या रकान्यात, ऐकीव म्हणून नोंदवावे. माशांच्या अंगातून पाण्यात उतरलेला डीएनए तपासून जात ओळखण्याची पद्धतही आहे, मात्र ती प्रयोगशाळेचे काम आहे.

परका मासा सापडल्यास तो जिवंत पाण्यात सोडू नये, दुसऱ्याला पाळायलाही देऊ नये. त्या तळ्यातील जाळी, बादल्या आणि दोर दुसरीकडे नेण्याआधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. मे महिन्यात तरी खानदेशात याला खर्च नाही. त्यानंतर वहीतील पाने आणि फोटो घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास लेखी कळवावे, आणि आधीच्या पाहणीत शून्य लिहिलेल्या जागांवर पुन्हा जाळे टाकावे.