तक्रार नंतर करा, पान आधी जपा: वेबसाईटचा पुरावा ठेवताना या चुका टाळा

वडगावातल्या आमच्या मामींनी ऑनलाईन शिलाई मशीन घेतलं होतं. साईटवर ठळक लिहिलेलं, मोटरला ५ वर्षं वॉरंटी. चौदा महिन्यांनी मोटर जळाली. मामींनी कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडचा मुलगा म्हणतोय मॅडम मोटरला १ वर्षच आहे. मामी तावातावानं म्हणाल्या, "अरे तुमच्याच साईटवर ५ लिहिलंय की, उघडून बघ की जरा." त्यानं बघितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी पान उघडलं तेव्हा तिथं १ वर्ष लिहिलेलं होतं.

मामी म्हणाल्या, "फोटो काढलाय गं मी तेव्हाच." काढलेला खरा. पण तो फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला आणि राहिला होता तो निपाणीच्या नणंदेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो, तोही कापलेला. मशीनचं चित्र आणि "५ वर्षं", बस. कुठली साईट, विकणारा कोण, तारीख काय, काहीच नाही.

त्या दिवसापासनं गल्लीत कुणी ग्राहक तक्रारीचं किंवा घरपट्टी, पाणी, रस्त्याच्या कामाचं काही घेऊन आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, समोरच्याला कळवलंत का? नसेल कळवलं तर थांबा. आधी पान जपून ठेवायचं, मग फोन, मग मेल. सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आपण रागाच्या भरात आधी भांडतो आणि भांडताना त्यांनाच सांगून बसतो की तुमच्या पानावर अमुक अमुक लिहिलंय. वेबसाईटचं पान म्हणजे छापलेला पेपर नव्हे, ते एका मिनिटात बदलतंय आणि जुनं कुठं गेलं हे बाहेरच्याला कळतसुद्धा नाही.

नुसता स्क्रीनशॉट

स्क्रीनशॉट काढू नका असं मी म्हणत नाही, काढाच. पण कुणीही उठून म्हणू शकतं की हे मोबाईलवर बनवलंय, आणि खरंच बनवता येतं, दहावीतलं पोरगंही बनवेल. म्हणून स्क्रीनशॉटच्या जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी पाहिजेत. कॉम्प्युटरवर पान उघडून प्रिंटमध्ये जायचं, सेव्ह अ‍ॅज पीडीएफ करायचं आणि तिथल्या जास्तीच्या सेटिंगमध्ये हेडर-फूटरवर टिक करायची. ही टिक बहुतेक जण विसरतात. ती केली की प्रत्येक कागदावर लिंक आणि तारीख आपोआप छापली जाते. त्याच्या आधी पान शेवटपर्यंत खाली सरकवून घ्या, कारण खालची चित्रं आपण तिथं पोचल्याशिवाय लोड होत नाहीत, आणि "अटी व शर्ती", "वॉरंटी" असे जे मिटलेले भाग असतात ते सगळे टॅप करून उघडा. मिटलेला भाग पीडीएफमध्ये मिटलेलाच येतो आणि नेमकी आपल्या कामाची ओळ तिथंच असते.

दुसरं, सिंगलफाईल नावाचं ब्राऊजरचं फुकट एक्स्टेन्शन आहे, ते अख्खं पान चित्रांसकट एकाच फाईलमध्ये ठेवतं. आर्काइव्हवेब डॉट पेज म्हणूनही एक आहे, ते पान उघडताना मागं जे जे डाउनलोड होतं ते सगळं नोंदवून ठेवतं. घरच्या ग्राहक तक्रारीला सिंगलफाईल पुरतं.

लिंक हातानं लिहून काढू नका, कॉपी करा. मोबाईलवर अ‍ॅड्रेस बारमध्ये अर्धीच लिंक दिसते. फेसबुकवर नगरसेवकानं किंवा दुकानानं काही पोस्ट टाकली असेल तर पोस्टखाली किंवा नावाखाली जी वेळ दिसते तिच्यावर टॅप करा, त्या एकट्या पोस्टची लिंक उघडते. नुसती प्रोफाईलची लिंक देऊन उपयोग नाही, महिन्याभरानं ती पोस्ट शोधायला तुम्हालाच तासभर लागेल.

वेबॅक मशीनवर टाकलं म्हणजे झालं?

इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचं वेबॅक मशीन, म्हणजे वेबसाईटच्या पानांच्या जुन्या कॉपी तारखेनिशी जपून ठेवणारी साईट, लोकांसाठी २००१ पासून चालू आहे आणि आपल्यासारख्यांना त्याचा मोठा आधार आहे, कारण तिथली कॉपी आपल्या हातात नसते, तिसऱ्याकडं असते, त्यामुळं "तुम्हीच बदललंय" असं कुणाला सहज म्हणता येत नाही. तिथल्या "सेव्ह पेज नाऊ"मध्ये लिंक टाकायची, थांबायचं, लिंक मिळते. पण इथंही लोक चुकतात.

एक तर मिळालेली लिंक उघडून बघतच नाहीत. कधी पान कोरं येतं, कधी "तुम्ही रोबोट नाही ना" हाच चौकोन सेव्ह झालेला असतो. लॉगिन केल्यावर दिसणारं पान, कार्टमधली किंमत, अ‍ॅपमधला स्क्रीन, हे तिथं येतच नाही. काही सरकारी साईट देशाबाहेरून उघडत नाहीत, मग बाहेरचा सर्व्हर ते पान घेणार कसा. आणि साईटच्या मालकानं मागणी केली तर जुन्या कॉपी तिथनं काढल्याही जाऊ शकतात. २०२४ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्यामुळं ती साईटच काही दिवस बंद होती. म्हणून वेबॅकची लिंकही पाहिजे आणि आपली स्वतःची फाईलही पाहिजे.

आणि वेळेचा घोळ, हा तर मी स्वतः घातलेला. वेबॅकच्या लिंकमध्ये १४ आकडे असतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पण ती वेळ ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. पहाटे ४ ला सेव्ह केलं तर तिथं आदल्या दिवशीचे रात्रीचे १०:३० दिसतात. मी अर्जात १२ तारीख लिहिली आणि लिंकमध्ये ११ निघाली, समोरच्या वकिलानं बरोबर तेवढंच धरलं. आता मी दोन्ही वेळा लिहिते. शिवाय तिथल्या एकाच पानावरची चित्रं कधी कधी वेगळ्या दिवशीची असतात, तेव्हा किंमत किंवा वॉरंटी जर चित्रात लिहिलेली असेल तर त्या चित्राची तारीख वेगळी तपासा.

जुनं पान गुगलच्या कॅशमध्ये, म्हणजे गुगलनं ठेवलेल्या कॉपीत, मिळतं म्हणून अजून सांगतात, ते विसरा, गुगलनं ती सोय २०२४ मध्ये काढून टाकली.

भाषांतर केलेलं पान

ही आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची खास चूक म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्थानिक संस्थेची साईट कन्नडमध्ये असते, आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाही, मग कुणीतरी ब्राऊजरमध्ये मराठी भाषांतर लावून देतं आणि त्याचाच स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडतात. आपल्याला मराठीत कागद पाहिजे ही मागणी रास्तच आहे, ती सोडायची नाही. पण मशीननं केलेलं भाषांतर म्हणजे त्या संस्थेनं लिहिलेले शब्द नव्हेत. उद्या ते सरळ म्हणतील आम्ही असं लिहिलंच नाही, आणि ते खरं असेल. एका पानावर मुदत "च्या आत" अशी होती आणि भाषांतरात "नंतर" आलेलं, अख्खा अर्थ उलटा. तेव्हा मूळ कन्नड पान जसंच्या तसं सेव्ह करा, अक्षरांच्या जागी चौकोन दिसत नाहीत ना तेवढं बघा, आणि मराठी किंवा इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर, कन्नड नीट येणाऱ्या माणसाकडनं करून घेऊन जोडा. साईटला कन्नड आणि इंग्रजी दोन्ही असेल तर दोन्ही ठेवा, पुष्कळदा दोन्हींत फरक निघतो आणि तो फरकच आपल्या कामाचा असतो.

फाईलला हात लावणं

लाल गोल करायचा, बाण काढायचा, वर "हे बघा फसवणूक" लिहायचं, आणि मूळ फोटो डिलीट. असं करू नका. गोल कॉपीवर काढा, मूळ तशीच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो, म्हणजे ती वेगळी फाईल झाली. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

इथं हॅशचं समजून घ्या. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. विंडोजवर पॉवरशेल उघडून गेट-फाईलहॅश (Get-FileHash) लिहून पुढं फाईलचं नाव दिलं की ६४ अक्षर-आकड्यांची ओळ येते. मी मामींना दाखवायला एका साध्या फाईलमध्ये फक्त एक स्पेस वाढवली, परत हॅश काढला, अख्खी ओळ बदलली. मामी म्हणाल्या, "म्हणजे कुणी एक टिंब हलवलं तरी कळतंय करून म्हण की." हो, तसंच. फाईलचं नाव बदललं तर मात्र काही होत नाही.

हे कशासाठी, तर १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. फोन-कॉम्प्युटरवरचा पुरावा कोर्टात देताना त्याच्या जोडीला प्रमाणपत्र लागतं, त्याचं पूर्वीचं कलम ६५ब ते आता कलम ६३. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा आणि दुसरा एक्सपर्टनं, आणि दोन्हींत हॅश लिहायचा असतो. ज्या फोन-कॉम्प्युटरवरनं घेतलं त्याचं मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआयसुद्धा. म्हणून केस संपेपर्यंत तो फोन विकू नका, मामींचं तिथंच गेलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं जालना विधानसभेच्या निवडणुकीच्या केसमध्ये सांगितलं की कॉपी देताय तर प्रमाणपत्र पाहिजेच, मूळ उपकरणच कोर्टात आणून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. हे जुन्या ६५ब वरचं आहे, पण मुद्दा समजायला उपयोगी. ग्राहक आयोग दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी समोरचा वकील हरकत घेतोच, त्यामुळं तयारी असू द्या.

वही

एक साधी वही करा. तारीख, वेळ, लिंक, कुठला फोन, कुणाच्या लॉगिननं, पिनकोड काय टाकलेला. पिनकोड बदलला की किंमत आणि डिलिव्हरीची अट बदलते. शेजारी दुसरं कुणी असेल तर त्यालाही त्याच्या फोनवर तेच पान सेव्ह करायला लावा. रस्ता-गटाराच्या कामाचं असेल तर गल्लीतल्या दोघांनी वेगवेगळं केलेलं फार उपयोगी पडतं. पण ऑर्डरची लिंक, घरचा पत्ता, मोबाईल नंबर असलेलं पान वेबॅकवर किंवा ग्रुपवर टाकू नका, ते जगाला दिसतं.

पान आधीच बदललं असेल तर

घाबरू नका, जे राहिलंय ते गोळा करा. वेबॅकवर त्या लिंकच्या जुन्या कॉपी आहेत का बघा. ऑर्डरचा मेल, बिल, खोका, वॉरंटी कार्ड, कस्टमर केअरशी झालेलं चॅट बघा. मामींच्या ऑर्डरच्या मेलमध्ये वस्तूच्या लांबलचक नावातच "५ वर्षं मोटर वॉरंटी" लिहिलेलं निघालं! तो मेल अजून इनबॉक्समध्ये तसाच होता, त्यावरनं लेखी नोटीस दिली आणि मोटर बदलून मिळाली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला पाहिजे, तेव्हा तक्रार लेखीच करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करता येतो. आयोगात जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आणि वस्तूला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सरकारी पान बदललं असेल तर माहिती अधिकार. अमुक तारखेला साईटवर असलेल्या यादीची, परिपत्रकाची प्रमाणित प्रत द्या असं मागायचं, साईटवरनं काढलं तरी कागद ऑफिसच्या फाईलमध्ये असतो. कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. आपली माणसं अर्जात सगळी कैफियत मांडतात आणि तो परत येतो. सेव्ह केलेल्या पानाची प्रिंट मागं जोडा आणि अर्जात फक्त कागदाचं नाव, तारीख आणि लिंक लिहा.