पैसे स्वतःच्या नंबरवर घेऊ नका, आणि क्लबातल्या बाकीच्या गोष्टी

जून संपत आला की दोन-तीन तरी मेसेज येतात. "ताई, क्लब जॉइन करतेय, काही टिप्स?" रोटरी आणि लायन्स या समाजसेवेच्या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे नवा अध्यक्ष, नवी टीम आणि नवे सभासद सगळं एकदमच येतं, त्यात पाऊस आणि पालखी. दरवर्षी तेच ते टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी मूळची बार्शीची. बी.कॉम.ला पुण्यात आले आणि दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीच्या मागे मागे रोट्रॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबात, शिरले. आता एका कंपनीत अकाउंट्सला आहे. हो, अकाउंट्सलाच. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे मला किती लाज वाटली असेल ते कळेल.

लायन्सच्या तरुणांच्या क्लबाला लिओ म्हणतात, बाकी हे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे असं धरते. फक्त एक सांगते, कारण अजून विचारतात: रोट्रॅक्टची तिशीची अट २०२० साली गेली. काही क्लब आपापली मर्यादा ठेवतात, तेव्हा विचारून घ्या; पण एकतिसावं लागलं म्हणून घरी बसू नका.

पहिले सहा महिने तुम्ही बॅनर धरणार आहात. खुर्च्या मांडणार, सतरंजी झटकणार, पाहुण्यांसाठीचा बुके आणायला मंडईत पळणार आणि मग फोटोत अर्धा खांदा दिसणार. मीटिंगनंतर 'फेलोशिप' आहे म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी गंभीर चर्चा असेल. जेवण असतं. यात अपमान मानून घेऊ नका. खुर्च्या मांडताना कोण खरंच काम करतं आणि कोण फक्त माइक धरतं ते आपोआप कळतं, आणि ही माहिती पुढे फार उपयोगी पडते.

माझं पहिलं मोठं काम पालखीचं होतं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला, तुकोबांची नाना पेठेत, आणि त्या दोन दिवसांत अख्खं पुणं बिस्किटं घेऊन रस्त्यावर. आम्हीही तेच केलं, बिस्किटं आणि केळी. एक आजी आमच्या टेबलाशी थांबल्या. मी पुडा पुढे केला तर त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत आठ-दहा पुडे आधीच होते. "माऊली, हे लई झालं. ह्याचं काय करता येतंय का बघ," म्हणाल्या आणि पाय पुढे केला. चपलेचा अंगठा तुटलेला. मला शिवता येत नव्हतं. मी सेफ्टी पिन लावली. सासवडपर्यंत ती टिकली असेल असं मला वाटत नाही. मध्ये दिवे घाट आहे.

पुढच्या वर्षी आम्ही एका चर्मकार काकांना दोन दिवसांची मजुरी देऊन टेबलाशेजारी बसवलं, आणि एक लांब बोर्ड लावला मोबाइल चार्जिंगला. रांग लागली. बिस्किटं देणारे फोटो काढून गेले, आम्हाला फोटो काढायला सवडच नव्हती. (फोटोंबद्दल माझी मतं फार कडवट आहेत, ती इथे लिहीत नाही. बरं, एवढंच: लहान मुलाला वही देताना त्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका. प्लीज.)

आता मुख्य गोष्ट. खरं तर हे सगळं मी एवढ्याचसाठी लिहायला घेतलं.

२०२२च्या जुलैमध्ये वेल्ह्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी वह्या आणि रेनकोट द्यायचं ठरलं. मुलं १४०. प्रोजेक्ट माझ्याकडे. मी विचारलं, पैसे कुठे घ्यायचे? आमच्या मोठ्या, म्हणजे रोटरी क्लबातले एक काका, मला लेकीसारखं वागवणारे, म्हणाले, "घे गं तुझ्याच नंबरवर. क्लबच्या ट्रस्टचं खातं म्हणजे दहा सह्या, उशीर होतो. नंतर वळतं करू." मला बरं वाटलं. आपल्यावर विश्वास आहे असं वाटलं. मी सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर माझा नंबर टाकला. आठवड्यात ४१ जणांचे ४७,४०० रुपये आले, वर रोख ४,०००. एकूण ५१,४००.

वह्या अप्पा बळवंत चौकातून, ८४० नग, २२ रुपये दराने १८,४८०. रेनकोट बोहरी आळीतून, १९० रुपयांचा एक, २६,६००. टेम्पो ३,५००. तिकडे पावसात पोचलो, मुलांनी रेनकोट घालून अंगणात धिंगाणा घातला, मुख्याध्यापक बाईंनी आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली. परत येताना टेम्पोत बसल्या बसल्या मी ग्रुपवर लिहून टाकलं: सगळं वाटप झालं, १,६७० शिल्लक, धन्यवाद. खाली शंभरेक हात जोडलेले.

मार्चमध्ये बी विंगमधल्या एका काकांचा फोन आला. त्यांनी १०,००० दिले होते आणि त्यावर आयकरात वजावट हवी होती; त्याला तेव्हा ८०जीची पावती लागायची. "अगं, ती ८०जीची पावती राहिली की."

मी आमच्या कोषाध्यक्ष काकूंकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणाल्या, "पैसे ट्रस्टच्या खात्यात आलेच नाहीत बाळा. पावती कशावर फाडू?"

मी म्हटलं, मी आत्ता माझ्या खात्यातून दहा हजार ट्रस्टला पाठवते. म्हणाल्या, "मग पावती तुझ्या नावाची निघेल. पैसे तू दिलेस ना?" हे नीट समजून घ्या, कारण मला अकाउंट्सवाली असून समजलं नव्हतं. पावती ज्याच्या खात्यातून ट्रस्टकडे पैसे आले त्याच्या नावाची. मी मध्ये उभी राहिले की देणगीदार आणि ट्रस्ट यांच्यातला धागा तुटला. वर्षाअखेरीनंतर ट्रस्टला प्रत्येक देणगीदाराचं नाव आणि पॅन लिहून १० बीडी फॉर्म भरावा लागत होता, ३१ मेच्या आत. त्यावरून देणगीदाराला १० बीई प्रमाणपत्र मिळायचं. त्या यादीत काकांचं नाव घालायचं तर खोटं लिहावं लागलं असतं. काकूंनी ते केलं नाही, आणि मी आज त्यांच्या पाया पडायला तयार आहे. रोखीचं आणखी वेगळं: २,०००च्या वरच्या रोख देणगीला वजावटच नाही, मग ती ट्रस्टला दिलेली का असेना.

बी विंगच्या काकांना मी हे जिन्यात उभी राहून समजावलं. ते रागावले नाहीत. फक्त "असं होय" म्हणाले. त्या "असं होय"ला तीन वर्षं उलटली, मला अजून ऐकू येतं.

इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण पावतीचा विषय निघाला म्हणून ग्रुपवर कुणीतरी माझा जुना मेसेज वर काढला आणि बिलांचे फोटो जोडून बेरीज केली. १८,४८० अधिक २६,६०० अधिक ३,५००, म्हणजे ४८,५८०. उरायला हवेत २,८२०. ताई म्हणतात १,६७०. मधले १,१५० कुठे?

मला आठवेना. आणि माझ्या खात्यात बघून कळेना, कारण त्याच खात्यात माझा पगार आला होता, रूमचं भाडं गेलं होतं, मैत्रिणीने रिक्षाचे अर्धे पैसे टाकले होते, आईने दिवाळीचे. देणगीचे म्हणून वेगळे रुपये तिथे नव्हतेच. एका ग्लासात सगळं ओतलेलं. रात्री दीडपर्यंत स्टेटमेंटवर पिवळा मार्कर फिरवत बसले आणि रडले. रेनकोटचं बिल काढलं तर कच्चं, ग्राहकाचं नाव 'मॅडम'.

दोन दिवसांनी टेम्पोवाल्या दादांनीच सांगितलं. शाळेत उशीर झाला म्हणून थांबण्याचे ६०० रोख दिले होते. आणि नसरापूर फाट्यावर पाच जणांचा वडापाव, मिसळ, दोन-दोन चहा, ५५० रुपये, पाकिटातल्या त्याच रोकडीतून. म्हणजे मी लोकांच्या देणगीतून मिसळ खाल्ली होती. चोरी म्हणून नाही, पाकीट हातात होतं म्हणून. मी १,१५० माझे भरले, खुलासा लिहिला, बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला. सोसायटीतल्या एका बाईंनी आजतागायत दाखवलेला नाही, लिफ्टमध्येही नाही.

तर पुन्हा सांगते, तिसऱ्यांदा झालं तरी चालेल: स्वतःच्या नंबरवर एक रुपया घेऊ नका. "फक्त या वेळी" म्हणूनही नाही. आपल्याकडे गणपती मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून ४१ क ची परवानगी काढतात, आणि आपण शिकलेसवरलेले लोक एका मेसेजवर पन्नास हजार गोळा करतो. ट्रस्टचा क्यूआर मागा. क्लब वेगळा आणि ट्रस्ट वेगळा असू शकतो, देणगीवर वजावट देण्याची मान्यता बहुतेकदा ट्रस्टकडे असते, तेव्हा क्यूआर नेमका कुणाचा आहे तेही विचारा. उशीर होतो म्हणाले तर उशीर होऊ दे, शाळा पळून जात नाही. फारच अडलं तर देणगीदाराला थेट दुकानदाराचे पैसे भरायला सांगा. त्याला वजावट मिळणार नाही हे आधीच तोंडावर सांगा. बिल पक्कं आणि ट्रस्टच्या नावाचं. शाळेच्या शिक्क्यानिशी पोहोच. आणि चहा स्वतःच्या पैशाने. हिशेब टेम्पोत बसून लिहू नका, घरी येऊन, आंघोळ करून, मग लिहा.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. माझ्या क्लबने मला काढलं नाही. काकूंनी पुढच्याच वर्षी मला सहकोषाध्यक्ष केलं. म्हणाल्या, भाजलेली पोर ताक फुंकून पिते. मी अजूनही मीटिंगमध्ये हिशेब वाचायची वेळ आली की घसा कोरडा पडून पाणी पिते, पण वाचते.

तुझ्याच नंबरवर घे म्हणणाऱ्या त्या काकांवर माझा राग आहे का? थोडा आहे. ते वाईट माणूस मुळीच नाहीत, रात्री दोनला फोन केला तर रक्ताची पिशवी शोधून देतील. पण "नंतर बघू" म्हणणारा मार्गदर्शक आणि "कशावर फाडू" म्हणणारा मार्गदर्शक यात नव्या मुलांना नेहमी पहिलाच आवडतो. मलाही आवडला होता. क्लबात शिरल्यावर सगळ्यात खडूस माणूस कोण ते शोधा आणि त्याच्या शेजारची खुर्ची धरा.

सर्टिफिकेटवाल्यांसाठी दोन ओळी. बाहेर एम.एस.ला जायचंय, 'लीडरशिप' दाखवायचीय, म्हणून ऑगस्टमध्ये येऊन डिसेंबरात पत्र मागणारे दरवर्षी असतात. त्यांना पत्र मिळतंही. तासच मोजून हवे असतील तर कॉलेजचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) बघा, तिथे दोन वर्षांत २४० तासांचा सरळ हिशेब आहे आणि सात दिवसांचं शिबिरही. तिथे मोजणी हा रिवाज आहे, इथे लोक मनातल्या मनात मोजतात आणि विसरत नाहीत.

रक्तदान शिबिराला पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा उपाशीपोटी आलेल्यांना परत पाठवायला लाजू नका. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना मागच्या दानापासून ९० दिवस झालेले हवेत, स्त्रियांना १२०. मी स्वतः पहिल्या शिबिरात छाती काढून पहिली रांगेत उभी राहिले आणि हिमोग्लोबिन ११.२ निघालं म्हणून परत आले. मग दिवसभर बिस्किटं आणि फ्रूटी वाटली, तिथे मात्र बिस्किटांची खरी गरज असते. शक्य असेल तर शिबिर मे महिन्यात घ्या; कॉलेजं बंद असतात, रक्तपेढ्या ओढाताणीत असतात.

यंदाही वेल्ह्याच्या त्याच शाळेत जायचंय. पट आता १२६ आहे, बाईंनी सांगितलं, वह्या आहेत, या वेळी वर्गात पंखे बघा. परवा बी विंगचे काका लिफ्टमध्ये भेटले. "काय, यंदा वह्या कधी?" मी पंख्यांचं सांगितलं आणि तिथल्या तिथे ट्रस्टचा क्यूआर त्यांना पाठवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला.

"हे काय स्कॅन वगैरे. तुझाच नंबर नाही का चालत?"